माशीचा फोटो, माशीचं नाव : नागपुरातले आठ महिने

जुलै २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या आठ महिन्यांत नागपूर आणि आसपासच्या ६४ लहान माश्या फोटोवरून ओळखायचं काम पूर्ण केलं. ११ माश्यांना जातीपर्यंत नाव मिळालं, २३ वंशावर (जातीच्या वरचा गट) थांबल्या, २४ कुळावर (वंशाच्या वरचा गट) थांबल्या आणि ६ फोटोंवर अजून 'द्विपंखी कीटक' एवढीच पाटी आहे. प्रमाण कमी वाटेल. पण पाच मिलिमीटरच्या माशीचं नाव बहुतेक वेळा पुस्तकात अडत नाही, फोटो काढतानाच अडतं. ते कुठे अडतं हे आधी कळलं असतं तर पहिले दोन महिने वाया गेले नसते, म्हणून क्रमाने लिहिते.

जुलै : पंख मोजणे

१४ जुलैला अंबाझरीच्या बाजूला पहिले फोटो काढले. फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो भिंग सीताबर्डीच्या बाजारात ७५० रुपयांना मिळाली होती. सकाळभरात ४० फोटो झाले. घरी येऊन मोठे करून पाहिले तर त्यातल्या ९ फोटोंत माशी नव्हतीच.

आपल्याकडे 'माशी' हा शब्द फार सैल आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना चार पंख असतात, त्या मुंग्यांच्या गणातल्या. संत्र्याची काळी माशी, जिच्या चिकट स्रावावर कोळशी धरते, आणि कपाशीवरची पांढरी माशी या दोन्ही मावा-तुडतुड्यांच्या नातलग. त्यांनाही चार पंख आणि रस ओढायची सोंड. खऱ्या माशीला, म्हणजे द्विपंखी गणातल्या कीटकाला, पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या टोकासारखे दोन गोळे असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना शरीर कुठे कललं हे माशीला त्यांच्यामुळे कळतं.

फोटोत पंख मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. मधमाशीचा मागचा पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखात अडकलेला असतो, त्यामुळे दोन्ही मिळून एकच दिसतो. तिथे मिशा, म्हणजे शृंगिका, बघाव्यात. मधमाशीच्या शृंगिका लांब आणि कोपरासारख्या मोडलेल्या असतात. फुलावर तरंगणाऱ्या पिवळ्या-काळ्या सिरफिड माशीच्या मात्र अगदी आखूड, आणि त्यावर एक केस. फोटो अंधुक असला तरी हा फरक दिसतो.

डास, चिलटं, मोरीतल्या भिंतीवर बसणाऱ्या केसाळ बदामी आकाराच्या माश्या यांच्या शृंगिका लांब, मण्यांच्या माळेसारख्या अनेक खंडांच्या असतात. घरमाशी, फळमाशी, सिरफिड यांच्या आखूड, तीन खंडांच्या. पहिली वाटणी इथेच होते. मोरीतली ती माशी, क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा, माझं जातीपर्यंत पोहोचलेलं पहिलं नाव होतं : पंख सपाट पसरलेले, कडेला शिरांच्या टोकाशी पांढरे ठिपके. तिच्यासाठी घराबाहेरही जावं लागलं नाही.

ऑगस्ट : कोन आणि उजेड

जुलैतले जवळजवळ सगळे फोटो वरून काढलेले होते. दिसायला सुंदर, ओळखायला निरुपयोगी. एका माशीचे निदान चार फोटो लागतात : वरून (पंख पसरलेले असताना), बरोबर बाजूने (कॅमेरा माशीच्या पातळीवर आणून), समोरून चेहऱ्याचा, आणि पंखाच्या शिरा स्पष्ट दिसतील असा, शक्य तर मागून उजेड येत असताना. सगळ्यांत आधी लांबूनच एक फोटो घेऊन ठेवावा. तो पुरावा. मग खाली वाकून हळूहळू पुढे सरकावं. माशीवर सावली पडली की ती गेलीच, म्हणून सूर्य पाठीशी ठेवू नये.

फोनची भिंग पाच-सहा मिलिमीटरच्या माशीपर्यंत चालते. त्याखाली नाही. घरात जुना कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स होती, तिच्यामागे लावायच्या तीन नळ्यांचा संच (१२, २० आणि ३६ मिमी) २,२०० रुपयांना पडला. तिन्ही लावल्या की सेन्सरवर माशीच्या खऱ्या मापाच्या जवळजवळ दीडपट प्रतिमा मिळते, पण लेन्स आणि माशी यांत जेमतेम चार-पाच सेंटिमीटर उरतात. हिशेब असा : सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि फोटो ६,००० पिक्सेल रुंद असेल, तर एकास एक प्रमाणात (सेन्सरवर माशी खऱ्या मापाएवढी) ३ मिमीची माशी सुमारे ७६५ पिक्सेल व्यापते. कूळ ठरवायला हे पुरतं. वक्षावरचे राठ केस मोजायला पुरत नाही, तिथे दुप्पट प्रतिमा लागते.

एवढ्या जवळून नुसत्या उन्हावर भागत नाही. सेकंडहँड फ्लॅश २,५०० रुपयांना घेतला आणि त्याच्यासमोर पॅकिंगमधला पांढरा फोम लावला. फोम नसेल तर धातूसारख्या चमकणाऱ्या हिरव्या माशीवर पांढरा डाग पडतो आणि नेमके हवे ते केस त्याखाली जातात. छिद्र एफ ८ ते एफ ११, शटर १/२००, आयएसओ २०० ही मांडणी शेवटपर्यंत बदलली नाही. एफ १६ च्या पुढे गेलं की सगळंच मऊ होतं.

ऑगस्टमध्ये दमटपणामुळे थंड खोलीतून बाहेर आणलेली लेन्स लगेच धुकटते. पिशवी उघडण्याआधी ती वीस मिनिटं बाहेर ठेवायची. दुसरं म्हणजे माप. माशी उडून गेली की ती बसली होती त्या पानावर लगेच मिलिमीटरची पट्टी किंवा आलेख कागदाचा तुकडा ठेवून, फोकस न हलवता एक फोटो घ्यावा. '३ मिमी' आणि '७ मिमी' यांत अर्धी कुळं गळतात. अंदाजाने लिहिलेलं माप हमखास मोठं असतं.

याच महिन्यात कागदपत्रांचा एक टप्पा आला. एका सार्वजनिक बागेत ट्रायपॉड आणि फ्लॅश पाहून सुरक्षारक्षकांनी थांबवलं. हातातल्या फोनला हरकत नव्हती, पण ट्रायपॉड म्हणजे व्यावसायिक चित्रीकरण, असा तिथला नियम. साध्या कागदावर अर्ज केला : कशासाठी, कोणत्या तारखांना, किती वाजता, 'कोणताही कीटक पकडून नेणार नाही' हे वाक्य, आधार कार्डाची प्रत. पहिला अर्ज 'कालावधी नमूद नाही' म्हणून परत आला. दुसरा २२ ऑगस्टला दिला, ९ सप्टेंबरला शिक्क्यासह मिळाला. शुल्क नव्हतं, पण १८ दिवस गेले. तारखा आणि वेळ पहिल्याच अर्जात लिहाव्यात आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मधल्या काळात ट्रायपॉड सोडून दिला आणि कोपर गुडघ्यावर टेकवायची सवय केली. पुढे परवानगी मिळाल्यावरही ट्रायपॉड फारसा काढावा लागला नाही.

सप्टेंबर : पंखाच्या शिरा

पाऊस उघडला आणि झेंडू-तुळशीवर सिरफिड माश्या वाढल्या. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, कारण या माश्या मोठ्या असतात, एकाच जागी तरंगतात आणि पंखावर स्वतःची सही घेऊन फिरतात. पंखाच्या मध्यावर एक खोटी शीर असते. ती कुठून निघत नाही, कुठे मिळत नाही, नुसती घडी पडल्यासारखी रेष. पंखाच्या बाहेरच्या काठाला समांतर अशी आणखी एक कड दिसते. या दोन गोष्टी दिसल्या की कूळ पक्कं, मग पोटावर पट्टे असोत वा नसोत.

पुढची पायरी वंशाची. पंखातली एक लांब शीर मध्येच खोल वाटीसारखी खाली वाकली असेल आणि डोळ्यांवर ठिपके किंवा उभे पट्टे असतील, तर एरिस्टॅलिनस. हिच्या शेपटीवाल्या अळ्या सांडपाण्यात वाढतात, त्यामुळे शहरात ती कुठेही सापडते. फक्त डोळ्यांच्या पट्ट्यांवर मात्र विसंबू नये. स्टोमोऱ्हिना नावाच्या वेगळ्याच कुळातल्या माशीचेही डोळे पट्ट्यांचे असतात, तीही फुलावर बसते, आणि माझे दोन फोटो तिनेच चुकवले. तिच्या पंखात खोटी शीर नसते.

पोटावर प्रत्येक खंडात एक जाड आणि एक बारीक असे दोन काळे पट्टे दिसले की एपिसिर्फस. पण भारतात या वंशातल्या सारख्या दिसणाऱ्या जाती आहेत, म्हणून मी तिथेच थांबले. वक्षाच्या कडेला ठळक पिवळी पट्टी, पिवळं ढालपट (वक्षाच्या मागच्या टोकाचा तुकडा) आणि नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी काटा, ही इस्किओडॉन स्कुटेलॅरिस. हिच्या अळ्या मावा खातात. मावा पडलेल्या फांदीशी उभं राहिलं तर ती अर्ध्या तासात येते. काटा फक्त बाजूने, खालून काढलेल्या फोटोत दिसतो. नर-मादी ठरवायला चेहरा लागतो : बहुतेक सिरफिड नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांत फट असते.

पानावर पळणाऱ्या, हिरव्या-सोनेरी, लांब पायांच्या बारीक माश्या याच दिवसांत पुष्कळ असतात. त्या डॉलिकोपोडिडी कुळातल्या. कूळ लांबूनच ओळखता येतं, पण वंशासाठी पंखातल्या शिरेचं वळण आणि जातीसाठी नराचे पाय व जननांग पाहावे लागतात. माझे सात फोटो, सातही वंशावर किंवा कुळावर. शेणावर पंख हलवत चालणारी, मुंगीसारखी, पंखाच्या टोकाला काळा ठिपका असलेली माशी सेप्सिडी. तिची हालचालच एवढी नेमकी असते की नोंदीत 'पंख हलवत होती' असं लिहिलं तरी निम्मं काम होतं.

नोंद चढवणे आणि वाट पाहणे

१५ सप्टेंबरला पहिल्या २० नोंदी आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवल्या. इथे तीन चुका झाल्या. वेगवेगळ्या माश्यांचे फोटो एकाच नोंदीत टाकले. एका नोंदीत एकच कीटक, आणि त्याचे सगळे कोन त्याच नोंदीत, असा नियम आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं होतं, त्यामुळे तारखा एक वर्ष मागे गेल्या. आणि कॅमेऱ्यात जीपीएस नसल्याने घरातल्या सगळ्या नोंदींचं ठिकाण हाताने टाकताना घराचा नेमका बिंदू उघड झाला. घरच्या नोंदींसाठी 'अस्पष्ट ठिकाण' हा पर्याय असतो, तो आधीच निवडावा. बाहेर फिरताना प्रत्येक जागी फोनने एक फोटो काढून ठेवला की ठिकाण आणि वेळ दोन्ही मिळतात.

फोटो टाकताच संगणक नाव सुचवतो. हे नाव जसंच्या तसं स्वीकारू नये. त्याच्याकडे ज्या जातींचे फोटो भरपूर आहेत, त्याच तो पुढे करतो. कुळापर्यंत त्याचा अंदाज बहुधा बरा असतो, जातीवर मात्र तो अपुऱ्या पुराव्यावरही नाव देऊन मोकळा होतो. मी आधी स्वतः कूळ ठरवून तेवढंच लिहायची आणि शेऱ्यात कोणत्या खुणेवरून ठरवलं ते टाकायची. खूण लिहिलेली असली की जाणकार लवकर उत्तर देतात, कारण त्यांना नेमकं काय तपासायचं ते कळतं.

एखादी नोंद 'संशोधन दर्जा'ला पोहोचायला तारीख, ठिकाण, फोटो आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक जणांचं एकमत लागतं. निदान दोन माणसं तरी हवीतच. सिरफिडला दोन दिवसांत उत्तर आलं. डॉलिकोपोडिडीला पाच आठवडे लागले. पाठीला कुबड असलेल्या, झटके देत पळणाऱ्या फोरिडी कुळातल्या तीन माश्यांना अजून उत्तर नाही. वाट पाहताना मोह होतो, पण तीच नोंद पुन्हा चढवू नये. काही मिळत नसेल तर दुसऱ्या कोनातला फोटो जोडावा.

ऑक्टोबर ते डिसेंबर : संत्री

काटोलकडच्या एका ओळखीच्या बागेत आंबिया बहाराची फळं गळत होती. बागवान काकांनी कुजक्या फळावरच्या माश्या दाखवून विचारलं, "ताई, हेच माशी संत्र्याले डंख मारते का?" या एका प्रश्नासाठी तिथे चार फेऱ्या झाल्या.

गळालेल्या फळावर घोंगावणाऱ्या तीन मिलिमीटरच्या, लाल डोळ्यांच्या माश्या ड्रोसोफिलिडी कुळातल्या होत्या. त्यांतल्या काहींच्या डोक्यापासून वक्षापर्यंत काळ्या कडांच्या पांढऱ्या रेघा : झाप्रिओनस इंडियानस. नाव इंडियानस, १९७० साली भारतातल्या नमुन्यांवरून गुप्ता यांनी दिलेलं, पण मूळ आफ्रिकेचं. ही वरून काढलेल्या एकाच फोटोवर ठरते. संत्र्यात या माश्या आधीच फुटलेल्या, आंबलेल्या फळावर येतात. सालीला पहिलं भोक बऱ्याचदा रात्री रस शोषणाऱ्या पतंगाचं असतं. म्हणजे काकांनी दाखवलेली माशी गुन्हेगार नव्हती, ती नंतर आलेली होती.

खरी फळमाशी, बॅक्ट्रोसेरा, घरमाशीएवढी आणि गांधीलमाशीसारखी दिसणारी. तिचा फोटो घेताना पंख, वक्ष आणि चेहरा तिन्ही हवेत. पंखाच्या पुढच्या काठावर टोकापर्यंत अखंड बारीक पट्टी, काळं वक्ष आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी खूण असेल तर डॉर्सालिस गट. तिथेही 'गट' एवढंच लिहावं, जवळच्या जाती फोटोवरून सुटत नाहीत. पट्टी तुटलेली, टोकाला फक्त ठिपका, अंग तांबूस आणि चेहऱ्यावर दोन वेगवेगळे गोल डाग असतील तर झोनाटा. पंख तसाच पण चेहऱ्यावरचे डाग आडवे पसरून जवळजवळ एक रेघ झालेली असेल तर करेक्टा. म्हणजे चेहऱ्याचा फोटो नसेल तर या दोघींत निवाडा होत नाही. माझ्या पहिल्या फेरीतले चारही फोटो वरून होते, चारही बाद.

वेलवर्गीय भाज्यांवरची माशी, कुकर्बिटी, आता झ्युगोडॅकस वंशात गेली आहे. वक्षाच्या मध्यावर पिवळी पट्टी ही तिची खूण, पण तशी पट्टी झ्युगोडॅकस टाउलाही असते. कुकर्बिटीच्या पंखातली आडवी शीर काळपटलेली असते, टाउची नसते. कारल्याच्या वेलावर उजेडाकडे तोंड करून पंखाचा फोटो घेतला आणि एका फोटोत ते सुटलं. जुन्या कागदपत्रांत हिचं नाव डॅकस किंवा बॅक्ट्रोसेरा असं सापडेल, माशी तीच.

इथे एक सोय कळली. बागेतल्या मिथाइल युजेनॉलच्या (नरांना ओढणारं आमिष) सापळ्यात मेलेले नर पडलेले असतात. काकांनी ते एका कागदावर झटकून दिले. मेलेली माशी हलत नाही, तिचे पाहिजे तितके कोन घेता येतात. डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा तिघींचेही नर या आमिषाला येतात, कुकर्बिटीचे येत नाहीत, त्यांना क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. नोंदीत 'सापळ्यातला मृत नर' असं स्पष्ट लिहावं.

जानेवारी-फेब्रुवारी : जिथे फोटो थांबतो

शेवटी उरल्या राखाडी माश्या. घरमाशीसारख्या दिसणाऱ्या, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कठीण. वक्षावर चार काळ्या रेघा आणि पंखातली एक शीर टोकाजवळ कोनात वर वळलेली असेल तर घरमाशीच्या बाजूने जावं. तीन रेघा आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतील तर सार्कोफॅजिडी. अंग धातूसारखं निळं-हिरवं असेल तर बहुधा कॅलिफोरिडी. पोट राठ केसांनी भरलेलं आणि ढालपटाखाली आणखी एक फुगीर उशी असेल तर टॅकिनिडी, म्हणजे अळ्यांवर जगणारी परजीवी माशी.

रंगांत गोंधळ झाला तर बाजूच्या फोटोत मागच्या पायाच्या मुळाच्या वर, वक्षाच्या कडेला राठ केसांची उभी ओळ शोधावी. सार्कोफॅजिडी, कॅलिफोरिडी आणि टॅकिनिडी यांना ती असते, घरमाशीच्या कुळाला नसते. हे केस दिसावेत म्हणूनच ऑगस्टपासून बाजूचा फोटो आणि फोम लावलेला फ्लॅश यांवर एवढा भर होता.

या माश्या स्थिर बसत नाहीत, म्हणून थंडीचा उपयोग केला. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची पहाट गार असते, सूर्य वर येण्याआधी कुंपणाच्या तारेवर, वाळक्या काडीवर बसलेल्या माश्या जागच्या हलत नाहीत. काही वेळा झाकणाच्या पारदर्शक डबीत (इतवारीत १० रुपयांना एक) घेऊन पाच मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. बाहेर काढल्यावर डबीवर दव धरतं, म्हणून माशी लगेच खोलीच्या तापमानाच्या पांढऱ्या बशीत उलटायची. ४० ते ६० सेकंद मिळतात. आधी चेहरा, मग बाजू, शेवटी पंख, कारण पंख हलायला लागले की ती जाणार. बशी खिडकीशीच ठेवायची. परवानगी घेतलेल्या बागेत मात्र हे केलं नाही, अर्जात तसं लिहून दिलं होतं.

एवढं करूनही सार्कोफॅजिडीच्या नऊ फोटोंपैकी एकही जातीपर्यंत गेला नाही. जात ठरवायला नराचं जननांग बाहेर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं, आणि तो नमुना टाचणीवर ठेवलेला असावा लागतो. कितीही स्वच्छ फोटोने ती उणीव भरत नाही. दोन नोंदींवर कुणीतरी जातीचं नाव घातलं होतं. मी कारण विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा मी माझं मत पुन्हा कुळावर आणून ठेवलं.

एकूण खर्च ५,७०० रुपयांच्या आत राहिला : भिंग ७५०, नळ्या २,२००, फ्लॅश २,५००, डब्या आणि फोम मिळून १४०. प्रवास वेगळा. काकांना फेब्रुवारीत एका पानावर चार माश्यांचे फोटो छापून दिले : झाप्रिओनस, डॉर्सालिस गट, झोनाटा आणि इस्किओडॉन. इस्किओडॉनखाली लिहिलं, 'ही मावा खाते, हिच्यावर फवारू नका'. पाचवी जागा काळ्या माशीसाठी ठेवली होती, तिथे दोन जोड्या पंख दिसतील असा फोटो अजून घ्यायचा आहे.